बेळगावला राजधानी आणायची तर... जर-तरच्या इतिहासातला अवघड हिशोब

जर-तरचा इतिहास, म्हणजे जे घडलं नाही ते घडलं असतं तर अशी कथा, लिहिताना राजधानी हलवणं फार सोपं असतं. "शत्रू वेशीपाशी आला आणि सरकार दक्षिणेला गेलं," एवढं एक वाक्य लिहिलं की झालं. लेखक लगेच रणगाड्यांकडे वळतो. खरं तर त्या वाक्यात रेल्वेचे डबे, दप्तराच्या पेट्या, टेलिफोनच्या तारा, खाटा, संडास, पगारपत्रकं आणि कायद्याला धरून केलेली एक सही, एवढं सगळं कोंबलेलं असतं. यातलं काही हुकलं तर सरकार नव्या गावी पोचतं, पण त्याचा हुकूम गावाच्या वेशीबाहेर जात नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साल १९४२. जर्मन फौजा कॉकेशस ओलांडून इराणात उतरल्या आहेत आणि त्याच सुमारास जपान बंगालात शिरला आहे. दिल्ली दोन्हीकडून कात्रीत सापडते. व्हाइसरॉय लिनलिथगो यांचं सरकार नैर्ऋत्येला सरकायचं ठरवतं आणि जागा निवडतं बेळगाव. असं घडलं नाही, पण भीती खोटी नव्हती. इराण-इराकच्या बचावासाठी ब्रिटिशांनी ऑगस्ट १९४२ मध्ये स्वतंत्र लष्करी विभाग उभा केला होता. त्याआधी ६ एप्रिलला जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले, तेव्हा मद्रास शहर रिकामं होऊ लागलं आणि तिथल्या सरकारी कचेऱ्याही आतल्या गावांत गेल्या.

जागा कोण ठरवतं

सेनापती नकाशा बघून जागा सुचवतो, पण खरी निवड खाटा आणि तारा करतात. फ्रान्सचं १९४० सालचं उदाहरण घ्या. सरकारनं १० जूनला पॅरिस सोडलं आणि ते तूर शहराच्या आसपास गेलं. तिथे एकेक मंत्री नदीकाठच्या वेगवेगळ्या जुन्या वाड्यांत उतरला. वाडे देखणे, पण टेलिफोन एखादाच आणि तोही जुनाट. एका मंत्र्याला दुसऱ्याशी बोलायचं तर गाडी काढून, निर्वासितांच्या गर्दीतून वाट काढत जावं लागे. चार दिवसांत सरकार बोर्दोला गेलं, महिनाअखेरीस क्लेरमाँ-फेराँला आणि १ जुलैला व्हिशीला. व्हिशी हे औषधी पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तिथे हॉटेलांच्या हजारो खोल्या तयार होत्या आणि टेलिफोन एक्स्चेंज आधुनिक होतं. एका देशाची राजधानी या दोन गोष्टींवर ठरली.

आता हेच माप बेळगावला लावू. जमेच्या बाजूला कॅम्प भाग येतो: लष्करी छावणी, बरॅकी, बंगले, परेडची मैदानं. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ७५० मीटर, हवा थंड. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ सालचीच. नोटांचा छापखाना नाशिकरोडला, तिथे १९२८ पासून नोटा छापल्या जात होत्या. रिझर्व्ह बँकेचं मुख्य कार्यालय १९३७ मध्ये कलकत्त्याहून मुंबईला आलेलं. म्हणजे पैसा छापणारे आणि वाटणारे दोघंही दिल्लीपेक्षा बेळगावला जवळ. ही बाजू लेखक नेहमी विसरतात. तोफा नसल्या तर सरकार काही आठवडे तग धरतं, पण महिन्याच्या एक तारखेला पगार झाला नाही तर शिपायापासून सगळे घरी जातात.

खर्चाची बाजूही मोठी आहे. राकसकोपचं धरण तेव्हा नव्हतं, हिडकल त्याहूनही नंतरचं. शहर विहिरींवर जगत होतं. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं, तेव्हा काही दिवसांच्या पाहुण्यांसाठीसुद्धा नवी विहीर खणावी लागली. ती काँग्रेस विहीर आजही आहे. आता धरा की पहिल्या टप्प्यात ३,००० कर्मचारी आले आणि कुटुंबं धरून माणसं १२,००० झाली. माणशी ९० लिटर धरलं तर रोज १० लाख ८० हजार लिटर पाणी लागतं. माणशी अर्धा किलो धान्य म्हणजे रोज सहा टन. मे महिन्यात विहिरींचा तळ दिसायला लागतो हे शहापूर-वडगावच्या कुणालाही विचारा. म्हणून सरकार मे महिन्यात आणलंत तर पहिला दंगा पाण्यावरून होईल, आणि जुलैत आणलंत तर दप्तराला बुरशी लागेल. नोव्हेंबर बरा, पण शत्रू नोव्हेंबरपर्यंत थांबेल याची हमी कोण देणार?

शिवाय दोन गोष्टी अशा, की मुरलेला वाचक तिथेच बोट ठेवेल. पहिली, समुद्र. बेळगावपासून किनारा सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. घाट पायदळाला अडवतो, विमानवाहू जहाजावरून उडालेल्या विमानाला नाही. दुसरी, गोवा. पोर्तुगाल तटस्थ होता आणि मुरगाव बंदरात जर्मन व्यापारी जहाजं अडकून पडली होती. त्यांतल्या 'एरेनफेल्स'वरून पाणबुड्यांना बातम्या जातात या संशयानं मार्च १९४३ मध्ये ब्रिटिशांनी छापा घातला आणि जर्मन खलाशांनी जहाजं स्वतःच बुडवली. राजधानी बेळगावात असती तर चोर्ल्याच्या वाटेनं येणारा प्रत्येक फेणीवाला हेर ठरला असता. पोर्तुगालशी निकराचं बोलणं किंवा गोव्यावर चाल, यांपैकी एक प्रकरण तुमच्या कथेत यावंच लागेल.

रूळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आज पुण्याहून बेळगावला एकाच गाडीत बसून येता येतं. १९४२ मध्ये दिल्ली ते पुणे ब्रॉडगेज होतं, म्हणजे रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा मात्र मीटरगेज, १,००० मिलिमीटर. पुणे-मिरज रुंद झाला तो १९७१ मध्ये आणि मिरज-लोंढा त्यानंतर कितीतरी वर्षांनी. दिल्लीचा डबा पुण्यापुढे येऊच शकत नव्हता. प्रत्येक पेटी पुण्याला उतरवायची आणि दुसऱ्या डब्यात चढवायची.

हिशोब करू. एक मीटर फळीवर रचलेलं दप्तर साधारण ५० किलो भरतं. अत्यावश्यक खात्यांची फक्त १० किलोमीटर फळी आणायची ठरली तरी ५०० टन कागद होतो, म्हणजे ५० किलोच्या १०,००० पेट्या. मीटरगेजचा डबा १२ ते १५ टनांचा धरला तर पस्तीस-चाळीस डबे. पुण्याला शंभर हमाल लावले आणि एकेकानं दिवसाला साठ पेट्या हलवल्या, तर पावणेदोन दिवसांत काम उरकतं. वेळेचं हे गणित जमतं. मोडतं ते क्रमाचं. ब्रॉडगेजच्या एका डब्यातला माल मीटरगेजच्या दीड डब्यात जातो. उरलेल्या अर्ध्या डब्यात दुसऱ्या खात्याच्या पेट्या पडतात आणि अर्थखात्याच्या पगारपत्रकांवर वनखात्याचे नकाशे बसतात. बेळगावला पोचल्यावर कुणाचं काय कुठे आहे हे शोधण्यात तीन आठवडे जातात.

यावरचा उपाय कागदी आहे. प्रत्येक पेटीवर खात्याचा रंग, नव्या कचेरीतला खोली क्रमांक आणि १, २, ३ असा अग्रक्रम. यादीच्या तीन प्रती: एक पेटीत, एक सोबतच्या कारकुनाकडे, एक वेगळ्या गाडीनं. आणि एकाच विषयाची मूळ फाइल व तिची नक्कल एका गाडीत कधीच नाही. गाडीवर बॉम्ब पडला की दोन्ही जातात.

मिरज-बेळगाव तेव्हा एकेरी मार्ग. समोरची गाडी स्टेशनात आल्याशिवाय आणि टोकन, म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याची खूण, हातात पडल्याशिवाय तुमची सुटत नाही. दोन स्टेशनांमध्ये २५ मिनिटं आणि टोकनची अदलाबदल ५ मिनिटं धरली, तर येणारी एक आणि जाणारी एक मिळून तासाला एकच जोडी. कागदावर २४ जोड्या होतात. इंजिनाचं पाणी, कोळसा, बिघाड वजा जाता १५ राहिल्या तरी नशीब. त्यातून नेहमीच्या पॅसेंजर, धान्याच्या गाड्या आणि बंगळूर-मद्रासकडे जाणारं सैन्य काढलं की राजधानीच्या वाट्याला रोज तीन-चार गाड्या उरतात. आणि ज्या दिवशी सरकार पळतं त्याच दिवशी सैन्याला उलट्या दिशेनं जायचं असतं, हे विसरू नये.

आधी काय न्यायचं

सगळ्यात आधी जाते ती सही. ९ एप्रिल १९४० ला जर्मन फौजा ऑस्लोच्या खाडीत शिरल्या. किल्ल्याच्या माऱ्यानं 'ब्लुशर' ही युद्धनौका बुडाली आणि नॉर्वेला काही तास मिळाले. राजा, मंत्रिमंडळ आणि संसद सकाळी साडेसातच्या सुमारास खास गाडीनं हामारकडे निघाले. बँकेतलं जवळजवळ ५० टन सोनं त्याच सकाळी मालमोटारींतून शहराबाहेर पडलं. संध्याकाळी एल्व्हेरमला संसद बसली आणि पुन्हा भरेपर्यंतचे अधिकार तिनं मंत्रिमंडळाला दिले. पुढे लंडनहून परागंदा सरकार पाच वर्षं चाललं ते या अधिकाराच्या जोरावर. सोनं वाचलं असतं पण ठराव करायचा राहून गेला असता, तर ऑस्लोत बसवलेलं कळसूत्री सरकारही तितकंच खरं ठरलं असतं.

आपल्या १९४२ च्या उदाहरणात ही अडचण कमी आहे. दर उन्हाळ्यात दिल्लीहून सिमल्याला सरकार हलवायची सवय इंग्रजांना होती, मध्यवर्ती विधिमंडळाच्या बैठकाही तिथे झाल्या होत्या. पण सिमल्याला जाताना वर्षभर आधी तारीख माहीत असे आणि दिल्लीत शत्रू शिरत नसे.

सहीनंतर सांकेतिक लिपीची पुस्तकं आणि ती वापरणारे लोक. हाताने मोर्स पाठवणारा तारबाबू मिनिटाला २५ शब्द पाठवतो. एक तार चोवीस तास चालली तर ३६,००० शब्द, तारा तुटणं आणि पुन्हा पाठवणं धरून निम्मे, म्हणजे १८,०००. सहा तारा असल्या तर दिवसाला लाखभर शब्द. हा आकडा मोठा वाटतो, पण त्यात लष्कर, रेल्वे, अर्थखातं, परराष्ट्र आणि अकरा प्रांतांचे गव्हर्नर सगळे आले. त्यात सांकेतिक मजकूर पाठवण्याआधी बसवायला आणि पोचल्यावर उकलायला तासभर तरी जातो. म्हणून सरकार निघण्याआधी तारखात्याची तुकडी जाते, खांब रोवते, जनरेटर बसवते, आणि तारा वाजू लागल्यावरच मंत्री गाडीत बसतात. तूरला हा क्रम उलटा झाला.

जे नेता येत नाही ते जाळावं लागतं, आणि तेही वेळेवर. पॅरिसला परराष्ट्र खात्यानं १६ मे १९४० ला खिडक्यांतून फाइली हिरवळीवर फेकून पेटवल्या. धूर शहरभर दिसला आणि सरकार पळणार हे लोकांना कळलं. प्रत्यक्षात सरकार निघालं ते साडेतीन आठवड्यांनी. जाळायचं तर बॉयलरमध्ये, रात्री.

वेळ चुकली की काय होतं

मॉस्कोत १५ ऑक्टोबर १९४१ ला सरकार आणि परदेशी वकिलाती कुइबिशेव्हला, म्हणजे आजच्या समाराला, हलवायचा हुकूम निघाला. दुसऱ्या दिवशी मेट्रो बंद, कारखान्यांना कुलपं, दुकानं लुटली गेली, साहेब लोक मोटारींतून पळाले. स्टालिन मात्र शहरातच राहिला, आणि ही बातमी पसरल्यावर घबराट ओसरली. कुइबिशेव्हला गेलेल्या वकिलातींना जवळजवळ दोन वर्षं व्होल्गाकाठी बसून राहावं लागलं, कारण निर्णय मॉस्कोतच होत होते. म्हणजे कागदोपत्री राजधानी एका गावी आणि सत्ता दुसऱ्या.

दक्षिण कोरियाच्या सोललाही वेळ चुकली. जून १९५० मध्ये सरकार दक्षिणेला निघून गेलं, आणि २८ जूनच्या पहाटे हान नदीवरचा पूल मुदतीआधी उडवला. पुलावर माणसं होती, पलीकडे सैन्य आणि त्याची अवजड शस्त्रं अडकली. पूल उडवणाऱ्या अधिकाऱ्याला वेळ कोण सांगणार आणि हुकूम मागे घ्यायचा तर कुठल्या तारेवरून, हे लिहून ठेवलेलं नसलं की असंच होतं. आपल्या कथेत घटप्रभेवरचा रेल्वेपूल तीच भूमिका करेल. तो पाडायचा अधिकार कुणाकडे आहे हे पहिल्याच प्रकरणात ठरवून टाका.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मात्र आपल्याच घरचं आहे. मार्च १६८९ मध्ये रायगडाला मोगलांचा वेढा पडला. येसूबाईंच्या निर्णयानुसार राजाराम महाराज ५ एप्रिलला गड सोडून निघाले आणि पन्हाळ्यावरून वेष पालटून कर्नाटकात उतरले. गोकाक, सौंदत्ती असा त्यांचा मार्ग सांगितला जातो, म्हणजे याच बेळगाव जिल्ह्यातून. बिदनूरच्या राणी चेन्नम्मांनी आसरा दिला. वर्षअखेरीस महाराज जिंजीला पोचले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला.

इथे राजधानीचे मुद्दाम दोन तुकडे केले गेले. सिंहासन जिंजीला, तिथे प्रल्हाद निराजी प्रतिनिधी. मुलूख सांभाळणं मात्र महाराष्ट्रातच, रामचंद्रपंत अमात्यांकडे, 'हुकूमतपन्हा' असा किताब आणि निर्णयाचे पूर्ण अधिकार देऊन. जिंजीहून पन्हाळ्याला पत्र पोचायला आठवडे लागत, तेव्हा विचारून काम करायचं म्हटलं असतं तर राज्यच उरलं नसतं. औरंगजेबाला जिंजी घ्यायला १६९८ उजाडलं आणि ती पडली तरी मराठ्यांचं राज्य पडलं नाही, कारण राज्य जिंजीत नव्हतंच. किंमतही मोजावी लागली. लोक धरून ठेवायला वतनं देणं पुन्हा सुरू झालं, ते पुढे बंद करता आलं नाही. जर-तरच्या कथेत दूरच्या राजधानीनं दिलेल्या सवलतींचं बिल वीस वर्षांनी यायलाच हवं.

बेळगाव १९४२ लाही हीच रचना शोभते. सरसेनापती वेव्हेल आणि लष्करी मुख्यालय उत्तरेत किंवा नागपूर-जबलपूरकडे. बेळगावला कायदा, अर्थ, परदेशी वकील आणि दप्तर. सगळी दिल्ली उचलून बेळगावात बसवणारी कथा आम्हाला पटणार नाही. पाणी पुरणार नाही आणि तारा पुरणार नाहीत.

दर डिसेंबरला याची रंगीत तालीम बेळगावात होते. ११ ऑक्टोबर २०१२ ला कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीचं, सुवर्ण विधानसौधचं, उद्घाटन झालं. हिवाळी अधिवेशनाला दहाएक दिवस मंत्री, सचिव, आमदार, पोलिस बंगळूरहून येतात, लॉजमध्ये खोली मिळत नाही, मंगल कार्यालयंसुद्धा भरतात. अधिवेशन संपलं की भलीमोठी इमारत वर्षभर जवळजवळ शांत. इमारत आहे, रस्ता आहे, वीज आहे, तरी राजधानी बंगळूरलाच, कारण सचिवांची घरं आणि मुलांच्या शाळा बंगळूरला आहेत. नागपूरचं अधिवेशन पाहिलेल्यांना हे नवं नाही.

युद्ध संपल्यावर

परतणं जाण्यापेक्षा अवघड. फ्रान्स १९१४ मध्ये सप्टेंबरला बोर्दोला गेला आणि डिसेंबरला पॅरिसला परत आला. तीन महिन्यांत कुणी घर बांधत नाही. चीनचं सरकार १९३७ च्या अखेरीस नानजिंग सोडून निघालं, वुहानला थांबत चोंगचिंगला गेलं आणि परतलं ते मे १९४६ मध्ये. तोवर नानजिंगमधली घरं, कारखाने, जमिनी कुणाच्या यावर अधिकाऱ्यांची झोंबाझोंबी लागली आणि सरकारची अब्रू गेली. मार्च १९१८ मध्ये जर्मनांच्या भीतीनं पेट्रोग्राडहून मॉस्कोला गेलेलं रशियाचं सरकार परतलंच नाही. बॉन १९४९ मध्ये 'तात्पुरतं' म्हणून निवडलं. बर्लिनला जायचा ठराव २० जून १९९१ ला ३३८ विरुद्ध ३२० मतांनी कसाबसा झाला, संसद गेली १९९९ मध्ये, आणि काही मंत्रालयांचं मुख्य ठाणं आजही बॉनमध्ये आहे. राजाराम महाराजही परतले ते साताऱ्याला, कारण रायगड हातात नव्हता.

म्हणून मुक्काम किती दिवसांचा ते आधी ठरवा. सहा महिन्यांत बरॅकी आणि तंबू पुरतात. दोन वर्षांत क्वार्टर्स बांधावी लागतात. पाच वर्षांत कारकुनांच्या मुली इथल्या घरांत पडतात, टिळकवाडी-अनगोळकडे प्लॉट घेतले जातात, नव्या तलावाचं काम निघतं, मीटरगेज रुंद करायची मागणी होते. लढाई थांबल्यावर लष्कर आणि अर्थ पहिल्या गाडीनं परत जातात, कारण सत्ता तिकडे असते. जुनी दप्तरं, प्रशिक्षण संस्था, छापखाना मागे राहतात, कारण ते हलवायचा खर्च कुणी मंजूर करत नाही. विधिमंडळात एखादा सभासद दर वर्षी प्रश्न विचारतो आणि उत्तर येतं, "विचाराधीन आहे."

बेळगावात याचा एक खास परिणाम होईल, आणि सीमाभागातल्या वाचकाला कथेत तो दिसला नाही तर तो पुस्तक बाजूला ठेवेल. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ मध्ये अहवाल दिला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेला, चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडे राहिला. पुढे सीमावादावरचा महाजन आयोग, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा. या सगळ्या वादात १९५१ च्या जनगणनेतले मातृभाषेचे आकडे दोन्ही बाजूंनी पुढे केले. आता तुमच्या कथेत १९४२ पासून इथे राहिलेली तीन हजार कुटुंबं धरा: पंजाबी, बंगाली, तमिळ, उर्दू बोलणारी. ती गेली नाहीत तर शहरात मराठीचा टक्का घटतो, कन्नडचाही घटतो. शिवाय केंद्राची मोठी मालमत्ता इथे उभी असते. तेव्हा बेळगाव म्हैसूरला द्या, मुंबईत ठेवा किंवा चंदीगडसारखं केंद्राच्या ताब्यात घ्या, असे तीन पर्याय १९५५ मध्येच टेबलावर येतात. लेखकानं यांतला कुठलाही घ्यावा, पण त्याआधी १९५१ चा गणनाकार कॅम्पातल्या क्वार्टर्समध्ये पाठवून मातृभाषेचा रकाना भरून घ्यावा.